संगणकातला माणूस आणि गाळ्यातला माणूस

कामाची जागा बांधण्याआधीच संगणकात माणसाचा पुतळा उभा करायचा, त्याच्याकडून वाकणं, उचलणं, हात लांबवणं करून घ्यायचं आणि कुठे कंबर जाते, कुठे हात पोचत नाही ते पाहायचं, या पद्धतीबद्दल (हिलाच सिम्युलेशन म्हणतात) आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वसईला आमचा गाळा आहे. इलेक्ट्रिक पॅनेलच्या जुळणीसाठी आठ बेंचची नवी ओळ टाकतोय. सल्लागार म्हणतो, आधी सिम्युलेशन करा. आमचा वेल्डर तर दोन दिवसांत बेंच उभा करतो. मग हा खर्च कशाला?

एकच बेंच असता तर आम्हीही म्हटलं असतं की प्लायवूड आणि दोन घोड्यांवर खोटा बेंच मांडा, आठवडाभर त्यावर काम करून पाहा. आठ बेंच एकदा जमिनीत बोल्टने बसले, वरून केबल ट्रे आणि हवेची लाइन आली, की उंची बदलणं म्हणजे पुन्हा कापाकापी. त्या आधीचे चार दिवस संगणकावर घालवणं परवडतं.

पण पैसे कशाचे देताय ते नीट समजून घ्या. संगणकातला पुतळा तीन प्रश्नांची उत्तरं चांगली देतो : हात पोचतो का, अंग मावतं का, नजर जाते का. सांध्यांवर किती भार येतो हे तो बऱ्यापैकी सांगतो, पण बळाचे आकडे तुम्ही मोजून दिले तरच. पाळीच्या शेवटच्या तासात फिटर किती थकेल, घाईत तो कुठला शॉर्टकट घेईल, हे त्याला विचारू नका.

सल्लागाराला पहिला प्रश्न हा विचारा : पुतळ्याची मापं कुणाची? सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर येणारा माणूस बहुतेक वेळा अमेरिकन किंवा युरोपीय मापांचा असतो. तो आपल्या फिटरपेक्षा उंच असेल, तर वरचा बोल्ट त्याला सहज पोचतो आणि अहवालात सगळं हिरवं दिसतं. भारतीय मापांसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली देबकुमार चक्रवर्ती यांची मापसारणी आजही आधाराला घेतली जाते. त्याहून चांगला उपाय तुमच्या हातात आहे. त्या ओळीवर काम करणाऱ्या पंचवीस-तीस जणांची मापं स्वतः घ्या. भिंतीला स्टीलची टेप चिकटवा, डोक्यावर आणि कोपराखाली गुण्या धरा. उंची, डोळ्यांची उंची, खांद्याची उंची, कोपराची उंची, हात खाली सोडल्यावर मुठीची उंची, आणि भिंतीला पाठ टेकून पुढे केलेल्या हाताच्या चिमटीपर्यंतचं अंतर, एवढी सहा मापं उभ्या कामाला पुरतात. एका माणसाला पाच मिनिटं लागतात. काम करताना जे पायात असतं तेच घालून मापा, कारण सारण्यांतली मापं अनवाणी असतात आणि सेफ्टी शूजचा तळ माणसाला तीनेक सेंमी वर उचलतो.

दुसरी गल्लत टक्केवारीची. ‘पाचव्या शतमकाची बाई आणि पंचाण्णवाव्या शतमकाचा पुरुष तपासला’ असं अहवालात लिहिलेलं असतं. पाचवं शतमक म्हणजे शंभरातल्या पाच जणींचंच माप त्याहून कमी, पंचाण्णवावं म्हणजे पंचाण्णव जणांचं कमी. उंचीत पाचव्या शतमकावर असलेली बाई हाताच्या लांबीतही पाचव्यावरच असेल असं मुळीच नाही. अमेरिकन हवाई दलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली होती. दहाही मापांत ‘सरासरी’च्या पट्ट्यात बसणारा त्यांत एकही निघाला नाही. हा निष्कर्ष १९५२ चा. म्हणून दोन पुतळ्यांवर भागवू नका. लांब धड आणि आखूड हात, आखूड धड आणि लांब पाय, मोठं पोट असे निदान सहा-सात पुतळे चालवून घ्या. पोचण्यासाठी छोट्या माणसाचा विचार करायचा, मावण्यासाठी मोठ्या माणसाचा.

आता उंची. हलक्या जुळणीत हाताची जागा कोपराच्या १० ते १५ सेंमी खाली असावी. बारीक वायरिंग, छोटे स्क्रू असतील तर कोपराच्या ५ ते १० सेंमी वर, आणि हाताला टेकू हवा. जोर लावायचं काम असेल तर १५ ते ४० सेंमी खाली. इथे एक चूक इतकी सर्रास होते की ती ठळक अक्षरात छापायला हवी : ही उंची हाताची आहे, बेंचच्या फळीची नाही. पॅनेल आडवं ठेवल्यावर त्याची जाडी ३० सेंमी असेल तर फळी तेवढी खाली गेली पाहिजे.

समजा तुमच्याकडे कोपराच्या उंच्या ९२ पासून १०८ सेंमीपर्यंत निघाल्या. १० सेंमी वजा केले तर हात ८२ ते ९८ वर हवेत. उंची बदलणारे बेंच घेता आले तर उत्तम. नाहीतर हाताची जागा ९४ वर पक्की करा आणि बुटक्या माणसांना पायाखाली चौथरा द्या. सगळ्यात कमी उंचीच्या माणसाला तो १२ सेंमीचा लागेल, इतरांना कमी. सर्वांत उंच फिटरसाठी जागा ४ सेंमी खाली राहील, तेवढं चालतं. उलटं करू नका : बेंच खाली ठेवला तर उंच माणूस दिवसभर वाकतो, आणि बेंच वर उचलण्याचा सोपा उपाय त्याच्याकडे नसतो. चौथरा बेंचच्या पूर्ण लांबीचा असू द्या आणि कडेला पिवळा पट्टा मारा. अर्ध्या लांबीच्या चौथऱ्यावरून पाय हमखास घसरतो.

प्रश्न : भिवंडीतल्या गोदामात आमची माणसं दिवसभर १४ किलोची खोकी पॅलेटवरून उचलून बेल्टवर ठेवतात. सिम्युलेशनच्या अहवालात ‘लिफ्टिंग इंडेक्स २.७’ आला. व्यवस्थापन म्हणतं, १४ किलो म्हणजे काहीच नाही. कोण बरोबर?

अहवाल बरोबर आहे, आणि तो संगणकाशिवायही तपासता येतो. नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचं ओझं उचलण्याचं १९९१ चं सुधारित समीकरण २३ किलोपासून सुरू होतं. परिस्थिती आदर्श असेल तर एवढं वजन. मग प्रत्येक गैरसोयीपायी त्याला एकाहून लहान आकड्याने गुणत जायचं. तुमच्या पत्रातली मापं घेऊन हिशेब असा होतो.

खोकं घोट्यांपासून ४५ सेंमी पुढे : २५ भागिले ४५, म्हणजे ०.५६. हात जमिनीपासून १५ सेंमीवर : ७५ सेंमी ही सोयीची उंची, तिच्यापासूनच्या दर सेंमीला ०.००३ कापायचे, उरले ०.८२. बेल्टपर्यंत ६० सेंमी वर न्यायचं : ०.८२ अधिक ४.५ भागिले ६०, म्हणजे ०.८९५. कंबर ३० अंश वळते : दर अंशाला ०.००३२ कापून ०.९०. मिनिटाला दोन खोकी, आठ तास : सारणीतून ०.६५. खोक्याला धरायला खाच नाही, पण बोटं खाली जातात : ०.९५. सगळ्याचा गुणाकार करून २३ ने गुणलं की साधारण सव्वापाच किलो येतात, ही या कामाची मर्यादा. उचलायच्या वजनाला मर्यादेने भागलं की लिफ्टिंग इंडेक्स मिळतो. चौदाला सव्वापाचने भागा, २.७ जवळपास येतो. १ च्या आत असावं असा संकेत आहे.

१४ किलो ‘काहीच नाही’ का वाटतात? वजन हातात असतं, पण ते सावरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५-६ सेंमीवर ओढतात. १५ किलोचं ओझं मणक्यापासून ४० सेंमी पुढे धरलं तर नुसत्या त्या ओझ्यापायी स्नायूंना सुमारे १००० ते १२०० न्यूटन ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी मणक्याच्या चकतीवर दाब म्हणून येते. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन त्यात वेगळं. कमरेच्या शेवटच्या चकतीवर ३४०० न्यूटन ही नायॉशची सावधगिरीची मर्यादा आहे. सॉफ्टवेअर लाल रंग दाखवतं तो बहुधा हाच आकडा ओलांडल्यावर.

आता उपाय. समीकरणातला कुठला आकडा सर्वांत लहान आहे ते पाहा. तुमच्याकडे तो ०.५६, म्हणजे आडवं अंतर. पॅलेट फिरत्या स्टँडवर ठेवून हातांची उंची ६० सेंमीपर्यंत आणली, फिरवून खोकं जवळ घेतलं की आडवं अंतर ३० होतं, कंबर वळत नाही, उचलण्याचं अंतर १५ सेंमी उरतं. उचलण्याच्या अंतरात समीकरण २५ सेंमीच्या खाली जातच नाही, त्यामुळे त्याचा आकडा १ धरायचा. नवी मर्यादा ११.३ किलो, इंडेक्स १.२४. वजन तेच, माणसं तीच. दोघांच्या जागी चौघं आळीपाळीने लावून प्रत्येकी मिनिटाला एक खोकं आणलं तर १.०७. पॅलेटवरचे थर खाली जातात तसं स्टँड वर येणारं घ्या, म्हणजे स्प्रिंगचं किंवा हायड्रॉलिक. स्थिर स्टँडवर फक्त सर्वांत खालचा थर सोयीचा होतो, आणि वरचा थर तर खांद्यावर जातो.

एक गोष्ट व्यवस्थापनाला आवर्जून सांगा. हे समीकरण साधारण १९ ते २६ अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता गृहीत धरतं. पत्र्याच्या छपराखालच्या गोदामात एप्रिल-मे महिन्यांत, आणि जूनच्या दमट हवेत, आपण त्या चौकटीच्या पार बाहेर असतो. घामाने पकडही सुटते. म्हणून १.०७ ला ‘जवळजवळ ठीक’ म्हणून सोडू नका. एका हाताने उचलणं, गुडघ्यावर बसून उचलणं, कंटेनरच्या आत वाकून उचलणं यांनाही हे समीकरण लागू नाही. ट्रॉली ढकलण्याचा भार वेगळा, तो ताणकाट्याने मोजावा लागतो : सुरू करतानाचा आकडा आणि चालू असतानाचा आकडा वेगवेगळे लिहा. चाकांत सुतळी आणि पॅकिंगच्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या असतील तर आधी ती साफ करा, मगच मोजा.

प्रश्न : मी माटुंग्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोनवर व्हिडिओ घेऊन मिडियापाइप या सॉफ्टवेअरने सांधे ओळखते आणि रुला गुण काढते (अंगाच्या स्थितीला १ ते ७ गुण, जास्त गुण म्हणजे जास्त धोका). त्याच कामाला एकदा ३ येतात, एकदा ५. कोडमध्ये चूक असेल का?

असू शकते, पण आधी कॅमेरा पाहा. कामगार ४५ अंश वाकला आणि फोन त्याच्या बरोबर बाजूला नसून ४५ अंश तिरपा असेल, तर चित्रात वाक फक्त ३५ अंश दिसतो. ३० अंश तिरपा असेल तर ४१. फोन तिपाईवर, कमरेच्या उंचीला, बाजूने काटकोनात ठेवा, तीन-चार मीटर लांब. गाळ्यात तेवढी जागा नसते, म्हणून मुलं ‘अर्धा एक्स’ची रुंद लेन्स लावतात. तिच्या कडांना हात-पाय ताणले जातात, कोन चुकतात. त्यापेक्षा दरवाजातून शूट करा. मिडियापाइप खोलीचा तिसरा आकडाही देतं, पण तो एका चित्रावरून बांधलेला अंदाज आहे. त्याच्यावर कोन मोजू नका.

दुसरं कारण रुलाच्या रचनेतच आहे. मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये ती पद्धत डोळ्यांनी पाहून, कागदावर गुण देण्यासाठी आखली. दंड २० ते ४५ अंश पुढे असेल तर २ गुण, ४५ ते ९० ला ३. तुमचा कोन ४४ आणि ४६ च्या मध्ये थरथरत असेल तर गुण उड्या मारणारच. म्हणून आधी कोनांच्या मालिकेला ६ हर्ट्झच्या आसपासचा लो-पास गाळक, म्हणजे जलद थरथर काढून टाकणारा गाळक, लावा, मग गुण काढा. आणि गुणांची सरासरी कधीही काढू नका. ३ आणि ७ ची सरासरी ५ ला काही अर्थ नाही, कारण ते फक्त क्रम दाखवणारे आकडे आहेत. ‘कामाच्या चक्रातला ४० टक्के वेळ ५ किंवा वर’ असं मांडा. परीक्षकांनाही ते पटेल.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही ते लपून बसतं. रुलात सांध्यांच्या कोनांशिवाय दोन जादा गुण आहेत : एक स्नायूंच्या वापराचा, म्हणजे स्थिती एक मिनिटाहून जास्त टिकते का किंवा मिनिटाला चारदा घडते का, आणि दुसरा बळाचा. २ किलोच्या आत अधूनमधून असेल तर शून्य, २ ते १० किलो अधूनमधून असेल तर १, तेवढंच सतत किंवा पुन्हापुन्हा असेल तर २, त्याहून जास्त किंवा झटक्याने असेल तर ३. एकेका चित्रातल्या कोनांवरून यातलं काहीच कळत नाही. ते रकाने कोरे राहिले की शून्य धरले जातात आणि ७ चं काम ४ चं दिसतं. हातातलं हत्यार वजनकाट्यावर ठेवा, पाना फिरवण्याचं बळ मोजा आणि आकडे हाताने भरा.

मिडियापाइपचे ३३ बिंदू मनगट आणि तीन बोटांपर्यंत जातात, पण मनगटाचा पीळ त्यांवरून भरवशाने निघत नाही. पाठीवर तर एकही बिंदू नाही. खांद्यांचा मध्य आणि कमरेचा मध्य जोडणारी सरळ रेषा म्हणजे त्याची पाठ. खुब्यातून वाकलेला माणूस आणि कमरेतून पोक काढून वाकलेला माणूस त्याला सारखेच. साडी, लुंगी किंवा लांब ॲप्रन असेल तर खुबा आणि गुडघा तो अंदाजाने टाकतो. कमरेला आणि गुडघ्यावर रंगीत पट्टी बांधून निदान स्वतः तपासता येतं.

अहवाल लिहिण्याआधी एक दिवस यासाठी द्या : मैत्रिणीला ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांत उभं करून गोनिओमीटरने (सांध्यांच्या कोनमापकाने) मोजा आणि कोडचे आकडे शेजारी लिहा. मग वीस चित्रं निवडून दोघींनी एकमेकींना न दाखवता हाताने गुण द्या. तुमच्या दोघींतलाच फरक किती येतो ते पाहून कोडकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरेल. पुढे सांध्यांवरचं बळ काढायचं असेल तर स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं ओपनसिम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मात्र कोनाचा वेग आणि मग त्वरण काढताना थरथर कैक पटींनी वाढते, त्यामुळे फोनच्या व्हिडिओवरून हातोड्याच्या घावाचं बळ काढायच्या मागे लागू नका.

प्रश्न : धारावीत चामड्याच्या पिशव्या शिवण्याचा आमचा धंदा आहे. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतात. एका संस्थेच्या मुलांनी संगणकावर पाहणी केली, तर त्यांच्या पुतळ्याला मांडीच घालता येईना, गुडघा जमिनीत घुसत होता. शेवटी ‘टेबल-खुर्ची द्या’ असं लिहून गेले. द्यावी का?

पुतळ्याला मांडी येत नाही म्हणून कारागिराची मांडी मोडायची, हे आम्हाला मान्य नाही.

या पुतळ्यांची घडण विमानाच्या कॉकपिटभोवती आणि मोटारीच्या आसनाभोवती झाली. बोइंगचा पुतळा १९६० च्या दशकातला, जर्मन मोटार उद्योगाचा रॅमसिस १९८० च्या दशकातला. खुर्चीत बसणं त्यांना छान जमतं. खुबा बाहेर वळवून पूर्ण दुमडण्याची सोय कमी, आणि त्यांचं मांस दबत नाही. खऱ्या मांडीत पोटरी आणि मांडी एकमेकांवर दबून भार घेतात. पुतळ्यात दोन कडक पृष्ठभाग एकमेकांत घुसतात. म्हणून खालून येणारा आधार हिशेबात येत नाही आणि गुडघ्यावरचा, कमरेवरचा भार चुकतो. रुला घ्याल तर तिथेही पायांना फक्त १ किंवा २ गुण आहेत, तासन्‌तास दुमडलेला गुडघा त्यात मावतच नाही. अशा कामाला पुतळ्याकडे फक्त मान, खांदा आणि हाताची पोच एवढंच विचारावं, आणि बसण्याची स्थिती कारागिराच्या अंगावरून टिपून पुतळ्याला द्यावी.

आता दुकानात काय करायचं. चामडं कापताना, ठोकताना कारागीर पायाने माल दाबून धरतो आणि अंगाचं वजन वापरतो. टेबलावर हे दोन्ही जातं आणि तेच काम नुसत्या खांद्याने करावं लागतं. शिवाय पोटमाळ्यावर उंची किती आहे? टेबलाशी उभं राहून डोकं तुळईला लागत असेल तर प्रश्न तिथेच संपला. त्याआधी तीन साध्या गोष्टी करून पाहा. बसणीखाली ८-१० सेंमीची घट्ट गादी द्या, पायांखाली नको. कंबर वर आली की खालची पाठ कमी गोल होते. समोर ठेंगणा पाट किंवा डेस्क द्या, त्याची उंची प्रत्येकाच्या बसलेल्या कोपरापर्यंत मोजून ठरवा, आणि वरची फळी १०-१५ अंश कारागिराकडे उतरती ठेवा. मान त्याने बरीच सरळ होते. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठावं लागेल अशी कामाची मांडणी करा, उदाहरणार्थ बकल आणि धाग्याचा डबा हाताशी न ठेवता भिंतीच्या फळीवर. गुडघे आधीच दुखत असलेल्या कारागिराला मात्र उंच बैठक हवीच.

प्रश्न : अंबरनाथच्या मशीन शॉपमध्ये सेन्सरचा सूट घालून हालचाली टिपल्या. पडद्यावर माणूस हळूहळू गरगर फिरतो आणि पाय जमिनीवरून सरकतात. सूट खराब आहे का?

बहुधा नाही. सूटमधल्या सतराएक सेन्सरांत होकायंत्रासारखा एक भाग असतो आणि दिशा त्याच्यावरून ठरते. लेथचा बेड, मोटर, वेल्डिंगची केबल, लोखंडी रॅक हे सगळं त्याला भुलवतं. कॅलिब्रेशन, म्हणजे सुरुवातीला सूट अंगाशी जुळवून घेणं, मशीनपासून लांब, शक्यतो मोकळ्या आवारात करा : ताठ उभं राहणं, मग सात-आठ पावलं जाऊन परत येणं. सॉफ्टवेअरमध्ये होकायंत्र बाजूला ठेवणारा पर्याय असेल तर तो निवडा आणि टिपण पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून घ्या, प्रत्येक तुकड्यानंतर त्याच ताठ उभ्या स्थितीत परत आणा. सुरुवातीचे आणि शेवटचे कोन जुळले नाहीत तर तो तुकडा टाकून द्या. घामाने पट्टे सरकतात, विशेषतः मांडीवरचे. त्यांच्याखाली चिकट बँडेज लावा.

प्रश्न : आमच्या कारखान्यात असं चित्रीकरण होणार आहे. कामगारांनी कशाची खात्री करून घ्यावी?

लेखी मागा : चित्रीकरण कोणत्या कामाचं, किती दिवस ठेवणार, कोण पाहणार, आणि ते कामाचा वेग मोजायला किंवा कारवाईला वापरणार नाही. चेहरा पुसट करूनही सांध्यांचे कोन काढता येतात, तेव्हा तसा आग्रह धरा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमतीबद्दल बोलतो, तो तुमच्या प्रतिनिधीने वाचून ठेवावा. पुतळ्याची हालचाल तयार झाली की ती काम करणाऱ्यालाच दाखवायला सांगा. ‘मी असा उभा राहत नाही, मांडी बेंचला टेकवतो’ हे वाक्य तिथे निघतं, आणि त्या एका टेकूने कमरेवरच्या भाराचा सगळा हिशेब बदलतो. स्वतंत्र मत हवं असेल तर सायनच्या केंद्रीय कामगार संस्थेत श्रमशरीरशास्त्र आणि एर्गोनॉमिक्सचा (काम माणसाच्या अंगाला जुळवण्याच्या शास्त्राचा) विभाग आहे. अर्ज करताना कामाचं वर्णन, वजनं आणि पाळीचे तास सोबत जोडा.